तीन किलो उतरले, पण कशाचे?

दहा माणसं. सगळ्यांचं वजन गरजेपेक्षा जास्त, एरवी तब्येत ठणठणीत. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांना दोन आठवडे प्रयोगशाळेतच राहायला बोलावलं. जेवण मोजूनमापून, रोजच्यापेक्षा कमी. रात्री अंथरुणात पडायला साडेआठ तास. मग किमान तीन महिन्यांची सुट्टी, आणि पुन्हा त्याच माणसांचे तसलेच दोन आठवडे. जेवण पुन्हा तितकंच मोजकं, पण या खेपेला अंथरुणात फक्त साडेपाच तास. कुणाच्या वाट्याला आधी भरपूर झोप आली, कुणाच्या वाट्याला आधी अपुरी.

२०१० साली निकाल प्रसिद्ध झाला. वजन दोन्ही खेपांना जवळपास सारखंच उतरलं होतं, साधारण तीन किलो.

संशोधक इथेच थांबले असते तर मामला मिटला असता. कमी खाल्लं, वजन उतरलं, यात झोपेचा काय संबंध? पण त्यांनी नुसत्या वजनकाट्यावर भिस्त ठेवली नव्हती. उतरलेल्या वजनात चरबी किती आणि बाकीचं किती, हेही त्यांनी मोजलं. पुरेशी झोप मिळत होती त्या दिवसांत १.४ किलो चरबी गेली. झोप कापली होती त्या दिवसांत गेली फक्त ०.६ किलो. मग तीन किलोंचा हिशोब पुरा कसा झाला? चरबी सोडून शरीरात जे असतं त्यातून. झोप कमी असताना ही दुसरी घट २.४ किलो होती, पुरेशा झोपेत १.५ किलो.

तीच माणसं, तेच ताट, काट्यावर तोच आकडा. फरक पडला तो शरीराने कुठल्या खिशात हात घातला यात.

झोप आणि वजन यांच्याबद्दल जे काही छापून येतं, त्यात 'झोपा आणि बारीक व्हा' अशा छापाचं बरंच असतं. झोपेत चरबी आपोआप वितळते, हे खरं नाही. आठ तास गाढ झोपलात म्हणून आदल्या दिवशीचं जास्तीचं खाणं माफ होत नाही. झोपेचं काम निराळं आहे आणि ते दोन ठिकाणी चालतं. शरीराला कमी अन्न मिळायला लागलं की तूट कुठून भरायची, हे ठरवण्यात तिचा हात असतो. आणि मुळात खाणं कमी ठेवणं तुम्हाला जमेल की नाही, हेही बऱ्याच अंशी तीच ठरवते.

आधी पहिलं घेऊ, कारण त्याच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं.

चरबी सोडून शरीरात उरतं ते म्हणजे स्नायू, अवयव, हाडं, पाणी, शिवाय यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर. त्यामुळे २.४ किलो म्हणजे तेवढे सगळे स्नायूच झडले असं समजायचं कारण नाही. खाणं कमी केल्यावर सुरुवातीच्या दिवसांत पाणीही बरंच उतरतं, आणि डाएटच्या पहिल्या आठवड्यात जो आनंद होतो तो पुष्कळदा या पाण्याचाच असतो. पण दोन्ही खेपांना जेवण सारखं असूनही एवढा फरक पडावा, ही साधी गोष्ट नाही.

शरीर या घडीला कुठलं इंधन जाळतंय हे श्वासावरून कळतं. चरबी जळत असेल तर जितका ऑक्सिजन आत घेतला त्याच्या सुमारे ०.७ पट कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. साखर आणि पिष्टमय पदार्थ जळत असतील तर जवळजवळ जेवढ्यास तेवढा. शिकागोच्या त्या दहा जणांचा हा आकडा कमी झोपेच्या दिवसांत वर सरकलेला दिसला. म्हणजे चरबीची कोठी भरलेली असताना शरीर तिला कुलूप लावून बसलं होतं आणि दुसरीकडून खर्च भागवत होतं.

असं का व्हावं? एकच एक कारण सांगता येत नाही, पण काही धागे स्पष्ट आहेत. शरीराची डागडुजी करणारं वाढ-हार्मोन रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत सर्वांत जास्त स्रवतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन एरवी सकाळी सर्वांत जास्त असतं आणि रात्रीपर्यंत उतरत जातं. झोप तुटली की ते उतरायला वेळ लावतं. आणि कॉर्टिसॉल जास्त असलं की स्नायूंमधली प्रथिनं मोडण्याकडे शरीराचा कल जातो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेरा तरुण स्त्री-पुरुषांना फक्त एक रात्र पूर्ण जागं ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्नायूंमध्ये नवी प्रथिनं तयार होण्याचा वेग १८ टक्क्यांनी घटलेला होता आणि कॉर्टिसॉल २१ टक्क्यांनी वाढलेलं. सबंध रात्र जागरण ही टोकाची गोष्ट झाली, मान्य. पण वारा कुठल्या दिशेने वाहतो ते त्यातून समजतं.

स्नायू गेले तर एवढं काय बिघडलं, असं काही जण विचारतात. बारीक तर झालो ना! बिघडतं ते असं, की स्नायू बसल्या जागीही कॅलरी खर्च करतात, चरबीपेक्षा जास्त. जेवणानंतर रक्तात आलेली साखर शोषून घेणारं सर्वांत मोठं कोठारही तेच. ते आक्रसलं की रोजचा खर्च कमी होतो, आणि डाएट सुटताच वजन परत येतं तेव्हा ते बहुतेक चरबीच्या रूपात येतं. उतरताना स्नायू आणि चढताना चरबी, असा व्यवहार दोन-चार वेळा झाला की काट्यावर पूर्वीचाच आकडा दिसतो, पण आतला माल बदललेला असतो.

प्रयोगशाळेत कोंडून केलेल्या प्रयोगावर विश्वास नसेल तर अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका गटाचं काम पाहा, २०१८ सालचं. लोक आपापल्या घरी राहत होते, आठ आठवडे सगळ्यांनी खाणं कमी केलं. त्यातल्या काहींनी आठवड्यातल्या पाच रात्री झोपेची वेळ तासाभराने कमी केली आणि उरलेल्या दोन रात्री भरपाईला मोकळ्या ठेवल्या. वजन दोन्ही गटांचं सारखंच उतरलं. चरबीचा वाटा मात्र कमी झोपणाऱ्यांत कमी होता. एक तास म्हणजे काही फार नव्हे. तेवढा वेळ मोबाइल चाळण्यात कधी गेला कळतही नाही.

भुकेला कोंडा, निजेला धोंडा

आपल्याकडच्या या जुन्या म्हणीत भूक आणि झोप शेजारीशेजारी बसल्या आहेत. भूक लागली की कोंडाही गोड लागतो आणि झोप आली की दगडावरही डोळा लागतो. म्हण खरी आहे, पण दोन्ही एकत्र आल्या की गणित फिरतं. झोप न झालेल्या माणसाची भूक कोंड्यावर भागत नाही. तिला गोड लागतं, तळलेलं लागतं, कुरकुरीत लागतं.

याची सर्वांत गाजलेली नोंद २००४ सालची, शिकागोचीच. बारा निरोगी तरुण. एकदा दोन रात्री फक्त चार तास झोप, एकदा दोन रात्री अंथरुणात दहा तास. खाणं आणि हालचाल दोन्ही वेळा सारखीच ठेवली होती. कमी झोपेनंतर लेप्टिन १८ टक्क्यांनी खाली, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वर, आणि 'किती भूक लागली आहे' या प्रश्नाचं उत्तर २४ टक्क्यांनी वर. कुठल्या पदार्थांची इच्छा जास्त वाढली, तर गोड, खारट आणि पिठूळ.

ही दोन नावं कोणाची ते थोडक्यात सांगतो. लेप्टिन चरबीच्या पेशींतून निघतं आणि मेंदूला कळवतं की साठा पुरेसा आहे, घाई नको. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत ते सापडलं; नाव 'बारीक' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलं. घ्रेलिन मुख्यतः जठरातून निघतं आणि उलट ओरड करतं, की जेवायची वेळ झाली. ते १९९९ साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी शोधलं. एक पोट रिकामं असल्याची दवंडी पिटणारं, दुसरं गोदाम भरल्याची पावती देणारं.

या दोन हार्मोनांची गोष्ट इतकी सुटसुटीत आहे की झोप आणि वजनावरचे बरेच लेख तिथेच संपतात. माझ्या मते ती अर्धीच गोष्ट आहे. पुढच्या अभ्यासांनी तिला एकमुखाने दुजोरा दिलेला नाही. कोलोरॅडो विद्यापीठात २०१३ साली सोळा जणांवर झालेल्या प्रयोगात लोकांना पाच दिवस रात्री पाचच तास झोपू दिलं आणि खाण्यावर बंधन ठेवलं नाही. तिथे हार्मोन उलटंच सांगत होते, की शरीरात आलेलं अन्न गरजेपेक्षा जास्त आहे, आता पुरे. माणसं तरीही खात होती. पाच दिवसांत वजन सरासरी ०.८२ किलोने वाढलं.

पोट 'नको' म्हणत असताना हात ताटाकडे जातो, तेव्हा तो कोणाच्या सांगण्यावरून जातो? उत्तर पोटात सापडत नाही, डोक्यात सापडतं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी तेवीस निरोगी तरुणांना एकदा पुरेशा झोपेनंतर आणि एकदा रात्रभर जागरणानंतर मेंदूचा स्कॅन काढणाऱ्या यंत्रात झोपवलं आणि खाद्यपदार्थांची चित्रं दाखवली. जागरणानंतर कपाळामागचा मेंदू, जो तारतम्य ठेवतो, तो मंदावलेला दिसला. आत खोलवर असलेला, इच्छा-भावनांशी निगडित बदामाच्या आकाराचा भाग मात्र जास्त खवळलेला. आणि हवेसे वाटलेले पदार्थ कुठले, तर जास्त कॅलरींचे. घरातली शहाणी थोरली मंडळी गावाला गेली आणि पोरांच्या हातात किल्ल्या आल्या, तसाच हा प्रकार.

आणखी एक अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. २०१६ सालचा, चौदा जणांचा, पुन्हा शिकागोचाच. गांजातलं रसायन मेंदूतल्या ज्या कुलपात किल्लीसारखं बसतं, त्याच कुलपात बसणारं एक रसायन आपलं शरीर स्वतःच बनवतं. खाण्यात जी मजा वाटते, 'अजून एक घेऊ' असं जे वाटतं, त्यात त्याचा मोठा वाटा आहे. दिवसभरात त्याची पातळी दुपारच्या सुमारास चढते आणि मग ओसरते. चार रात्री साडेचार तासांच्या झोपेवर काढल्यावर ती जास्त चढली आणि संध्याकाळ संपेपर्यंत चढलेलीच राहिली. दिवसभराच्या गरजेच्या ९० टक्के कॅलरी देणारं जेवण होऊन दोन तासही उलटले नव्हते, तरी समोर बिस्किटं, चिप्स, गोळ्या ठेवल्यावर या लोकांचा हात आवरेना. पुरेशी झोप झालेली असताना त्यांनी जेवढी चरबी या खाऊतून घेतली होती, त्याच्या जवळपास दुप्पट आता घेतली.

म्हणून रात्री अकरा वाजता डबा उघडून उभ्या असलेल्या माणसाला 'तुझा मनावर ताबा नाही' असं सुनावण्यात अर्थ नसतो. ताबा ठेवणारा मेंदूचा भाग थकलेला आणि खाण्याची ओढ वाढलेली, अशा वेळी तो माणूस एकाच हाताने लढत असतो. मनोनिग्रह हा गुण आहेच. पण तो रोज रात्री चार्जिंगला लावावा लागतो, आणि चार्जर उशाशी असतो.

जागं राहिल्याने कॅलरी जळत नाहीत का?

जळतात. शंका रास्त आहे, टाळून पुढे जाता येणार नाही. झोपलेल्यापेक्षा जागा माणूस जास्त ऊर्जा खर्च करतो. २०११ सालच्या एका मोजणीत, आठ तास झोपण्याऐवजी रात्रभर अंथरुणात जागं राहिल्यास खर्च सुमारे १३४ कॅलरींनी वाढला. कोलोरॅडोच्या त्या प्रयोगातही पाच तास झोपणाऱ्यांचा दिवसभराचा खर्च साधारण पाच टक्क्यांनी वाढलेला होता. पण जागरणाचं हे अर्थशास्त्र म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. खर्च वाढला त्यापेक्षा खाणं जास्त वाढलं, आणि वाढलं ते बहुतेक रात्रीच्या जेवणानंतर. संध्याकाळनंतर चरण्यातून आलेल्या कॅलरी एकट्याच दिवसातल्या कुठल्याही एका जेवणापेक्षा जास्त भरल्या.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या २०१३ सालच्या अभ्यासात माणसं जास्त होती, २२५. त्यातल्या बहुतेकांना सलग पाच रात्री पहाटे चार ते सकाळी आठ एवढीच झोप दिली. त्यांचं वजन सरासरी एक किलोच्या आसपास वाढलं. नेहमीसारखे झोपणारे जवळपास होते तिथेच राहिले. रात्री दहा ते पहाटे चार या वेळात, जेव्हा एरवी ते झोपलेले असते, तेव्हा त्यांनी पाचशेहून जास्त कॅलरी पोटात ढकलल्या होत्या. यात गूढ असं काही नाही. जागा माणूस, रिकामा वेळ आणि हाताशी खाणं. हार्मोनांची नावंही माहीत नसलेला माणूस हे सांगू शकेल.

वेळेचा मुद्दा थोडा निराळाही आहे. शरीराच्या जवळपास प्रत्येक पेशीत एक घड्याळ चालतं. त्या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ सालचं नोबेल मिळालं. रात्री उशिरा या घड्याळाप्रमाणे स्वादुपिंडाचा कामाचा दिवस संपत आलेला असतो. तेच जेवण सकाळी घेतलं तर साखर जितकी चढते, त्यापेक्षा रात्री जास्त चढते. त्यात झोप अपुरी असली तर साखर पेशींत पोचवणारं, स्वादुपिंडातलं इन्सुलिनही निष्प्रभ होऊ लागतं. २०१२ साली सात निरोगी माणसांच्या पोटाच्या चरबीचे नमुने तपासले. चार रात्री साडेचार तास झोपल्यावर त्यांच्या चरबीच्या पेशी इन्सुलिनला सुमारे ३० टक्के कमी दाद देत होत्या. दाद कमी म्हणजे काम तेच करायला इन्सुलिन जास्त लागणार. आणि इन्सुलिन रक्तात चढलेलं असेपर्यंत चरबीची कोठी उघडायला शरीर नाखूष असतं.

मेयो क्लिनिकमधल्या २०२२ सालच्या प्रयोगाने या सगळ्याला एक चित्रच दिलं. बारा निरोगी, लठ्ठ नसलेली माणसं. दोन आठवडे रात्री चार तास झोप, आणि दुसऱ्या एका खेपेला नऊ तास, खाणं मनाप्रमाणे. कमी झोपेत त्यांनी रोज ३०० हून थोड्या जास्त कॅलरी खाल्ल्या. वजन जेमतेम अर्धा किलो वाढलं, काट्यावर कुणाच्या भुवया उंचावू नयेत इतकंच. पण स्कॅनमध्ये पोटाच्या आत, अवयवांभोवती साठणारी चरबी ११ टक्क्यांनी वाढलेली दिसली. ही चरबी चिमटीत धरता येत नाही आणि मधुमेह, हृदयविकार यांच्याशी तिचं सख्य जास्त. वजनकाट्याला पुन्हा एकदा पत्ता लागला नव्हता.

मग झोप वाढवली तर?

आतापर्यंतचे बहुतेक प्रयोग झोप कापून काय बिघडतं ते सांगणारे. तुम्हाला हवंय ते उलट, झोप वाढवली तर काय सुधारतं. याचं आतापर्यंतचं सर्वांत चांगलं उत्तर २०२२ सालचं आहे. शिकागोच्या एस्रा तसाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ ते ४० वयाची, जास्त वजनाची आणि रोज साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणारी ८० माणसं घेतली. ती आपल्या घरी, आपल्या अंथरुणात झोपत होती, हवं ते खात होती. डाएटबद्दल त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. निम्म्यांना झोपेविषयी एकदा समोर बसवून सल्ला दिला: तुमच्या घरात, तुमच्या कामाच्या वेळांत झोप कुठून वाढवता येईल, एवढाच विषय. दोन आठवडे त्यांची झोप सरासरी १.२ तासांनी वाढली. आणि खाणं, कुणीही न सांगता, दुसऱ्या गटाच्या तुलनेत रोज सुमारे २७० कॅलरींनी कमी झालं.

खाणं कसं मोजलं हे इथे महत्त्वाचं, कारण आपण काय खाल्लं हे सांगताना माणूस हातचं राखून सांगतो. विसरतो म्हणा, लाजतो म्हणा. या अभ्यासात लोकांना खास पाणी प्यायला दिलं, ज्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू जरा जड होते. ते शरीरातून किती वेगाने बाहेर पडतात हे लघवीत मोजलं की किती ऊर्जा खर्च झाली ते कळतं. वजनातला आणि साठ्यातला फरक त्यात धरला की किती आत गेली तेही. इथे वहीत लिहिण्याचा प्रश्नच नाही आणि फसवायलाही जागा नाही.

२७० ला ३६५ ने गुणून वर्षाचे किलो काढायचा मोह आवरा. शरीर इतकं सरळ गणित चालू देत नाही. वजन उतरू लागलं की खर्चही कमी होतो, भूकही वाढते. शिवाय प्रयोग दोन आठवड्यांचा होता. पण दोन आठवड्यांत, एका सल्ल्यावर, ताटाला हात न लावता एवढा फरक पडतो, हे मला तरी आश्चर्याचं वाटलं.

ज्यांची झोप आधीच सात-आठ तास नीट होते, त्यांनी ती आणखी लांबवून काही हाती लागेल असं समजू नये. हे अभ्यास तूट भरून काढण्याचे आहेत. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०१५ साली मिळून प्रौढांसाठी सात तास किंवा जास्त असा आकडा सांगितला. व्यक्तीगणिक थोडंफार मागेपुढे होतं. 'मला पाच तास पुरतात' म्हणणारे पुष्कळ भेटतात. खरोखर पुरणारे फार थोडे. अलार्मशिवाय जाग येत नसेल आणि सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तास जास्त झोप लागत असेल, तर पुरत नाही असंच समजायचं.

सुट्टीच्या दिवसावर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी बातमी फार चांगली नाही. कोलोरॅडोत २०१९ साली एका गटाला आठवडाभर पाच तास झोपवून शनिवार-रविवार हवं तितकं झोपू दिलं आणि मग पुन्हा पाच तासांवर आणलं. सुट्टीत रात्रीचं चरणं कमी झालं खरं, पण सोमवारनंतर सगळं मूळपदावर आलं. वजन वाढायचं तेवढं वाढलं, आणि इन्सुलिनची दाद कमी व्हायची तीही झाली. एखाद्या रात्रीचं जागरण भरून निघतं. दर आठवड्याचं कर्ज दर रविवारी फिटत नाही.

झोप वाढवायच्या सूचना तुम्ही ऐकलेल्या असतीलच: खोली अंधारी आणि गार, उठण्याची वेळ रोज एकच, झोपण्याआधी मोबाइल दूर. कॅफीनबद्दल एवढंच, की त्याचा निम्मा अंश शरीरातून जायला पाचेक तास लागतात. झोपायच्या सहा तास आधी घेतलेल्या मोठ्या मात्रेने झोप तासाहून जास्त कमी झाल्याचं एका अभ्यासात मोजलेलं आहे, आणि बऱ्याच जणांना ती कमी झाल्याचं जाणवलंही नव्हतं. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटत राहते.

एका पेचाबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं. वजन कमी करायचं ठरवलं की माणूस पहिला अलार्म लावतो तो पहाटे पाचचा. व्यायामाला वेळ काढायचा, दिवस तर भरलेला, मग कात्री झोपेला. रात्री झोपायची वेळ मात्र बाराचीच. हा सौदा मला आतबट्ट्याचा वाटतो. व्यायामाने स्नायू टिकावेत ही अपेक्षा, आणि ते टिकवणारी झोपच कापायची! पाचला उठायचं असेल तर दहाच्या आत आडवं व्हावं लागेल. ते जमत नसेल तर संध्याकाळचा अर्धा तास चालणं पहाटेच्या तासभर घामापेक्षा बरं. तसंच एकदम फार कमी खाणंही झोपेच्या मुळावर येतं. पोटात कावळे ओरडत असताना डोळा लागत नाही, आणि लागला तरी मध्येच जाग येते. तूट बेताची ठेवली तर रात्र नीट जाते.

अंथरुणात पडूनही झोप न येणाऱ्यांना वरचं काहीच लागू पडत नाही. त्यांना 'वजनासाठी झोपा' असं सांगणं म्हणजे आगीत तेल. झोपेची काळजी हीच झोपेची वैरीण. निद्रानाश महिनोनमहिने असेल तर त्यावर विचार आणि सवयी बदलण्याची एक ठरीव उपचारपद्धत आहे, गोळ्यांच्या आधी तीच सुचवतात. त्यात गंमत म्हणजे सुरुवातीला अंथरुणातला वेळ कमी करायला सांगतात.

आणि घोरणाऱ्यांतल्या काहींचा प्रश्न वेगळाच. गळ्याभोवती आणि जिभेत साठलेल्या चरबीमुळे झोपेत श्वासाची वाट आक्रसते, श्वास थांबतो, मेंदू दचकून जागा करतो, असं रात्रीत कित्येकदा. सकाळी डोकं दुखतं, दिवसा पेंग येते, आणि आठ तास झोपून उठलो तरी झोप झाली असं वाटत नाही. इथे चक्र दोन्ही बाजूंनी फिरतं: वजनामुळे झोप बिघडते आणि बिघडलेल्या झोपेमुळे वजन. जोरात घोरणं, मध्येच श्वास अडखळणं, असं शेजारी झोपणाऱ्याने सांगितलं असेल तर तपासणी करून घ्यावी. हवेच्या दाबाने वाट उघडी ठेवणारं यंत्र रात्री लावलं की झोप सुधारते, रक्तदाबालाही थोडा आराम मिळतो. वजन मात्र त्याने उतरत नाही. बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा यंत्र वापरणाऱ्यांचं वजन उलट किंचित वाढलेलंच आढळलं. रात्रभर श्वासासाठी झगडण्यात जी ऊर्जा खर्च होत होती ती वाचली, हे त्याचं एक कारण मानतात. त्यामुळे यंत्र सुरू करतानाच खाण्याचा आणि चालण्याचा बेतही डॉक्टरांशी बोलून आखावा, आणि महिन्याला काट्याबरोबर कमरेला टेपही लावून पाहावी. पोटातली चरबी काट्यापेक्षा टेपवर आधी दिसते.